शिट्टी नसलेला कुकर

श्रीरामपुरात आमच्या ओळखीच्या घरांपैकी कुणाला मिक्सर किंवा पंखा घ्यायचा असला, की ते आधी दुकानात जात नसत. आधी वॉर्ड नंबर सातमध्ये साळवेबाईंकडे जात. बाई व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसलेल्या असत. आलेल्याला पाणी देत, त्याचं सगळं म्हणणं ऐकून घेत आणि मग एकच प्रश्न विचारत, "हे नसलं तर तुमचं काय अडतंय?"

निम्मी माणसं तिथूनच घरी परतत. ज्यांच्याजवळ उत्तर असे, त्यांच्याबरोबर बाई पायात चपला सरकवून मेन रोडला निघत. तिथं संतोषचं दुकान होतं. संतोष बाईंचाच विद्यार्थी. तो मला एकदा म्हणाला होता, "सर, बाई दुकानाची पायरी चढल्या की मी आधी माझ्याच मालाकडं संशयानं बघतो."

बाईंना जाऊन आता सात महिने होतील. त्यांच्याविषयी काही लिहावं असं मनात होतं, पण लिहायला बसलं की त्यांचं जन्मगाव, शिक्षण, नोकरीची वर्षं असल्या गोष्टी कागदावर यायच्या आणि त्यात बाई कुठंच नसायच्या. म्हणून ते सगळं बाजूला ठेवलं आहे. मला जे आठवतं, ते एका भाताच्या कुकरभोवती गोळा होतं. लिहायला विषय म्हणून तो किरकोळ आहे, हे मला समजतं.

मी त्यांच्या शाळेत ग्रंथपाल होतो. त्या मला नावानं हाक मारत नसत, "ग्रंथपाल" म्हणत. त्या वाचायला कथा-कादंबऱ्या नेत आणि परत करताना समासात पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्हं काढलेली असत. एका कादंबरीत नायिका अमावास्येच्या आदल्या रात्री चांदण्यात केस वाळवत बसली होती. बाईंनी शेजारी लिहिलं होतं, "चंद्र कुठला?" दुसऱ्या एका कथेत एक आजी पाच मिनिटांत हरभऱ्याची डाळ शिजवते. तिथं नुसतीच दोन प्रश्नचिन्हं होती. शाळेची पुस्तकं खराब करू नयेत, असं सांगायचं माझं काम होतं. मी ते कधी सांगितलं नाही, कारण पुढं पुढं ती प्रश्नचिन्हं शोधण्यासाठीच मुलं पुस्तकं नेऊ लागली.

त्यांचा आठवीतला विज्ञानाचा एक तास मी वाचनालयाच्या खिडकीतून दरवर्षी पाहत असे. वहीच्या जाड कागदाचा द्रोण करून त्यात त्या पाणी भरत आणि खाली सरळ स्पिरिटचा दिवा धरत. मुलं श्वास रोखून बघत. कागद पेटायला हवा, पण पेटत नसे. पाण्याला बुडबुडे येत, पाणी खदखदत उकळे, तरी कागद तसाच. "पाणी आहे तोवर कागदाला धक्का नाही," बाई म्हणत. "सगळी उष्णता पाणी घेतंय. शंभराच्या पुढं जायची परवानगीच नाही. पाणी संपू द्या, मग बघा." आणि खरंच, शेवटचा थेंब आटला की द्रोण भसकन पेटे. वर्गात आरडाओरडा होई. बाई शांतपणे राख डस्टरनं गोळा करत. हे त्या एकतीस वर्षं करत आल्या, आणि द्रोण पेटताना प्रत्येक वर्षी त्यांचा चेहरा पहिल्यांदा पाहिल्यासारखा होई.

शिक्षकांच्या खोलीत एकदा चुंबकाच्या गाद्या विकणारा एक गोडबोल्या माणूस आला होता. त्या गादीवर झोपलं की पाठदुखी, मधुमेह, चिडचिड सगळं जातं म्हणे. मुख्याध्यापकांसकट निम्म्या लोकांनी नावं नोंदवली होती. बाई तास संपवून आल्या, त्यांनी हजेरीपटाची एक टाचणी काढली आणि गादीवर आडवी ठेवली. गादी उभी केली. टाचणी टपकन खाली पडली. माणूस म्हणाला, "मॅडम, याचं चुंबकत्व आतून काम करतं." बाईंनी टाचणी उचलून हजेरीपटाला परत लावली. "असेल. मग टाचणीही आतूनच चिकटली असेल." मुख्याध्यापकांनी आपलं नाव खोडलं, त्या आधी घसा मात्र साफ केला.

बाईंचे यजमान रेल्वेत होते. ते लवकर गेले. त्यांच्या मागं बाईंनी तीन खोल्यांचं घर स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतलं. विटांच्या प्रत्येक गाडीतली एक वीट बादलीत रात्रभर भिजत घालायची, सकाळी वजन करायचं, फार पाणी प्याली असेल तर गाडी परत. गवंडी म्हणाला होता, एवढी परीक्षा माझ्या सासऱ्यानं घेतली नव्हती. त्या घरातूनच त्यांनी मुलीचं, ज्योतीचं लग्न लावलं. ज्योती पुण्याला असते. निवृत्तीनंतर बाई श्रीरामपूरच्या घरात एकट्याच राहत. रविवारी सकाळी चर्च, संध्याकाळी व्हरांडा, आणि कुंपणापलीकडे ताराबाई.

ताराबाई मूळच्या बेलापूरच्या शेतकरी कुटुंबातल्या. मुलाच्या नोकरीपायी श्रीरामपुरात आलेल्या, पण येताना चार कोंबड्या आणि सगळी बोली बरोबर घेऊन आलेल्या. दोघींचं दिवसातून चारदा भांडण होई आणि पाचव्यांदा कुंपणावरून वाटी इकडून तिकडे जाई.

मग बाईंना कंपवात झाला. आधी उजव्या हाताचं बोट, मग पंजा, मग दोन्ही हात. फळ्यावर एका ओळीत रेघ ओढणारा तो हात चहाचा कप बशीत ठेवताना खडखड वाजू लागला. बाईंनी ते कुणाला सांगितलं नाही. चहा कपाऐवजी पेल्यातून, तोही अर्धाच भरून घेऊ लागल्या, तेव्हा मला समजलं. घासही सावकाश उतरू लागला होता. भाकरी गळ्यात अडे. आमच्या या बाजरी-ज्वारीच्या मुलखात भात म्हणजे जेवणाच्या शेवटी दोन घास. बाईंचं सगळं जेवणच त्या दोन घासांवर आलं.

एका सकाळी कुकर उतरवताना त्यांच्या साडीच्या पदरानं पेट घेतला. ताराबाईंनी धावत येऊन ओल्या पोत्यानं विझवला. बाईंना फारसं भाजलं नाही. पुढच्याच महिन्यात दूध उतू जाऊन बर्नर विझला आणि गॅस तसाच सुरू राहिला. त्या दिवशीही ताराबाईंनाच वास आला, आणि या वेळी त्यांनी ज्योतीला फोन केला. बाई पुढं बरेच दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

ज्योती आली आणि तिनं सिलिंडरचा रेग्युलेटर काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकला. तिचं म्हणणं सरळ होतं. आता या घरात चूल पेटायची नाही. चूल नाही म्हणजे इथं राहणं नाही. पुण्यात एक खोली तयार आहे, खिडकी पूर्वेला आहे, खाली बाग आहे. बाईंनी विचारलं, डबा लावला तर? डबा लावून पाहिला. दीडला येई, कधी अडीचला. बाईंची गोळी जेवणाच्या वेळेवर बांधलेली, ती चुकली की पाय जमिनीवरून उचलत नसत. स्वयंपाकीण ठेवली, तर ती आठवड्यात तीनदा यायची नाही. मला तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "दुसऱ्याच्या हातचं खायला माझी ना नाही, ग्रंथपाल. दुसऱ्याच्या घड्याळावर जेवणं मला जमत नाही."

त्यांनी ज्योतीकडे एक महिना मागितला. महिन्यानंतर आपलं जेवण आपण, वेळेवर, विस्तवाशिवाय करून दाखवू शकलो नाही, तर बॅग भरून ठेवीन, असं कबूल केलं. ज्योती डोळे पुसत कबूल झाली. मी त्या वेळी तिथंच होतो. मला वाटलं होतं, हा महिना निरोपाचा आहे.

दुसऱ्या दिवशी बाई मला घेऊन संतोषच्या दुकानात गेल्या. त्यांना विजेवर चालणारा भाताचा कुकर पाहायचा होता. संतोषकडे दोन प्रकार होते. एक साधा, पत्र्याचा, काचेच्या झाकणाचा. दुसरा परदेशी बनावटीचा, पांढरा, गुबगुबीत, लहान बाळाच्या डोक्याएवढ्या गोल झाकणाचा. त्याची किंमत ऐकून मी चष्मा पुसला. त्या पैशात एक बरा फ्रिज आला असता. दुकानात तो दोन वर्षं नुसता शोभेला होता. संतोषनं स्वतःच सांगितलं, आपल्याकडं भाताला एवढे पैसे कोण घालतंय, बाई, साधाच न्या.

बाई दोन्ही कुकरांभोवती फिरल्या. झाकणं उघडून बंद केली. मग संतोष चेष्टेत म्हणाला, "बाई, जन्मभर तुम्ही सगळ्यांना विचारलंत, आज मी विचारतो. हा नसला तर तुमचं काय अडतंय?"

बाईंनी हात काउंटरवर टेकला. तो काचेवर बारीक वाजत होता. त्यांनी तो उचलला नाही, वाजू दिला.

"माझं घर अडतंय, संतोष," त्या म्हणाल्या.

संतोषनं दोन्ही कुकर पिशव्यांत घातले आणि स्वतःच्या स्कूटरवरून बाईंच्या घरी आणून ठेवले. आठ दिवस वापरून बघा म्हणाला. बाईंनी त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलं, की वापरलेला नमुना परत घेताना त्याची काही तक्रार असणार नाही. नाहीतर हे उपकार होतात, आणि उपकाराच्या वस्तूची परीक्षा नीट घेता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी नवी वही केली. पहिल्या पानावर, अक्षर वेडंवाकडं होत होतं तरी, शाळेतल्या प्रयोगवहीसारखं लिहिलं: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. उद्देशापुढं एकच ओळ होती. "अमुक कुकर घेण्याजोगा आहे काय ते ठरवणे."

पहिला प्रयोग मात्र बाईंच्या हातून झाला नाही. त्या सकाळी त्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे गेल्या होत्या. अबोला मोडायला बरं निमित्त सापडलं म्हणून ताराबाईंनी परस्पर भात लावायचं ठरवलं. आपल्याकडे घरोघर लावतात तसाच लावला. त्या परदेशी कुकरच्या भांड्यात तळाला दोन तांबे पाणी, त्यात स्टीलचा डबा, डब्यात तांदूळ, वर ताटली. बटण दाबलं आणि पाटावर बसून शिट्ट्या मोजायला कान लावले. अकराला लावलेला कुकर, साडेबारा झाले तरी शिट्टी नाही. आम्ही परतलो तेव्हा त्या कुकरपुढं हवालदिल होऊन बसल्या होत्या.

"बाई, ह्याला शिट्टीच न्हाई. शिट्टी झाली न्हाई म्हंजी शिजलं न्हाई. म्या उघडलं न्हाई, म्हनलं आतून वाफ आंगावर यायची."

बाईंनी झाकण उघडलं. डब्यातल्या भाताची कपड्याला लावायची खळ झाली होती. ताराबाईंचा चेहरा पडला. इतक्या पैशाचं यंत्र आपण बिघडवलं, अशी त्यांची समजूत झाली. बाई खाली वाकून भांड्याच्या तळात बघत राहिल्या. तळाला अजून बोटभर पाणी होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि द्रोण पेटताना व्हायचा तसा त्यांचा चेहरा झाला.

"ग्रंथपाल, हा माझा आठवीचा तास आहे," त्या म्हणाल्या. "तळाला पाणी आहे तोवर बूड शंभराच्या पुढं जात नाही. पाणी तांदळात जिरलं की बूड तापतं, ह्याला ते कळतं आणि हा थांबतो. ताराबाईंनी पाणी संपूच दिलं नाही, म्हणून हा थांबला नाही. हा बरोबर होता."

"म्हंजी मी चुकले," ताराबाई म्हणाल्या.

"तुम्ही नसता चुकलात, तर मला हे पुस्तकात वाचावं लागलं असतं."

अबोला तिथं संपला. ती खळ बाईंनी फेकू दिली नाही, चर्चच्या गायकवृंदाच्या पांढऱ्या झग्यांना वापरली.

नंतरचे दिवस त्या घरात प्रयोगशाळेचे होते. रोज सकाळी दोन्ही कुकर ओट्यावर शेजारी शेजारी. कोलम एक दिवस, इंद्रायणी दुसऱ्या दिवशी. हात थरथरल्यानं तांदूळ सांडे, म्हणून बाई मापटं परातीत धरून भरत आणि वरचे दाणे लाकडी पट्टीनं सपाट करत. सांडलेले परातीतच राहत. पाणी तांब्यानं ओतणं जमेना, म्हणून अरुंद तोंडाच्या बाटलीवर खुणा केल्या आणि ती दोन्ही हातांनी छातीशी धरून ओतू लागल्या. झाकणाच्या बाबतीत निकाल लगेच लागला. साध्याचं काचेचं झाकण उचलताना त्यांचं मनगट वाफेत येई. पांढऱ्याचं झाकण एका बटणानं आपोआप मागं कलंडे. पण बाईंनी तेवढ्यावर निष्कर्ष लिहिला नाही. लांब दांड्याचा चिमटा घेतला तर साध्याचंही भागेल, असं त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं आहे.

चवीसाठी त्यांनी मला, ताराबाईंना आणि संतोषला ओळीनं बसवून डोळ्यांवर टॉवेल बांधले. मी आयुष्यात इतका अवघडून कधी जेवलो नाही. कुठला भात कुठल्या कुकरचा, हे आम्हा तिघांपैकी एकालाही ओळखता आलं नाही. संतोषनं टॉवेल सोडला आणि थोड्या हिरमुसल्या आवाजात तो म्हणाला, झालं की मग, साधाच घ्या. मलाही तसंच वाटलं. बाई वहीत लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एक प्रश्न राहिलाय. शनिवार येऊ दे."

आमच्या भागात शनिवारी दुरुस्तीच्या कामासाठी वीज जाते. सकाळी दहाला जाते ती दुपारी कधी येईल ते आधी सांगता येत नाही. विजेवरच्या कुकरला हा खरा प्रश्न होता, आणि कुकरबरोबरच्या चकचकीत माहितीपत्रकात त्याला उत्तर नव्हतं. त्या शनिवारी बाईंनी दहाला वीस मिनिटं असताना दोन्हींत भात लावला. ठरल्या वेळी वीज गेली. बाईंनी कुणाला झाकणाला हात लावू दिला नाही. अर्ध्या-पाऊण तासानं दोन्ही उघडले. साध्यातला भात वरून बरा दिसत होता, पण दाणा दाताखाली कच्चा लागला. जाड अंगाच्या त्या पांढऱ्यातला भात मोगऱ्याच्या कळ्यांसारखा सुटा, आतपर्यंत शिजलेला.

एकदा झालं त्याला बाई योगायोग म्हणत. पुढचे पाच दिवस त्यांनी वीज जायची वाट पाहिली नाही, बटण स्वतःच बंद केलं. उकळी आल्यावर दोन मिनिटांनी, पाच मिनिटांनी, आठ मिनिटांनी. निम्मा भात कच्चा निघे आणि तो कुंपणापलीकडे कोंबड्यांना जाई. "बाई, आता बास करा," ताराबाई एक दिवस म्हणाल्या, "कोंबड्या बी दमल्या भात खाऊन." शेवटी मिनिट सापडलं. उकळीनंतर पाच मिनिटं मिळाली, की पुढचं काम हा कुकर आपल्या पोटातल्या उष्णतेवर करतो. साध्याला पंधरा मिळाली तरी भरवसा नाही. माहितीपत्रकात कुकरचे बारा गुण छापले होते. बाईंनी त्यांतले दहा पेन्सिलीनं खोडले, आणि खाली आपल्या थरथरत्या अक्षरात तेरावा लिहिला: "वीज गेली तरी भात होतो. यासाठी घ्यावा."

संतोष किंमत कमी करायला निघाला होता. बाईंनी छापील किंमत दिली आणि शोभेचा नमुना न घेता खोक्यातला नवा मागितला. घरी आणून तो आतून बाहेरून तपासला, मग ज्योतीला फोन केला. शनिवारी जेवायला ये म्हणाल्या.

ज्योती आली तेव्हा मी आणि ताराबाई तिथं होतो. प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचा परीक्षक लागतो, म्हणून मला बोलावणं होतं. बाईंनी ज्योतीला ओट्याजवळ खुर्ची दिली आणि हात लावायचा नाही, असं बजावलं. परात, मापटं, पट्टी. बाटली छातीशी धरून पाणी. भातावरच्या जाळीत भिजवलेल्या मूगडाळीची वाटी आणि दुधी भोपळ्याच्या फोडी. दाणे सांडले तेव्हा ज्योती दोनदा उठली, दोनदा बसली. पावणेदहाच्या आत बटण दाबलं गेलं. हिरवा दिवा लागला.

आणि दहाला, झाकणातून वाफेची धार सरळ होऊन पाच-सहा मिनिटं झाली होती, तेव्हा पंखा मंदावत थांबला. हिरवा दिवा गेला.

ज्योतीनं कपाळावर हात ठेवला. "बघ आई. हेच म्हणत होते मी." ती झाकणाकडे हात नेऊ लागली.

"झाकण उघडायचं नाही," बाई म्हणाल्या. वर्गात म्हणायच्या त्याच आवाजात. ज्योतीचा हात मागं आला.

अर्धा तास काढायचा होता. पंख्याविना खोली तापू लागली. तेव्हा ज्योती जे बोलली, ते बहुधा तिला आम्हा दोघांसमोर बोलायचं नव्हतं. ती म्हणाली, पदराला आग लागली हे तिला तारामावशींकडून महिन्यानं कळलं. तेव्हापासून रोज सकाळी आईला फोन लावताना, पलीकडून आवाज येईपर्यंत, ती एकेक रिंग मोजते. कचेरीत कामात असली तरी मोजते. "तुला इथं राहायचंय, कळतं मला. पण मी रोज ती रिंग ऐकते, आई."

बाईंनी मांडीवर थरथरणारे हात एकमेकांत धरले.

"मग तू फोन करू नकोस," त्या म्हणाल्या. "मी करीन. रोज भात लावला की करीन. माझा फोन आला म्हणजे मी उठले, हिंडले, मोजलं, ओतलं, बटण दाबलं. एवढं सगळं त्यात आलं. नुसतं 'बरी आहे' म्हणण्यापेक्षा ते खरं असेल."

ज्योतीनं मान हलवली. हो की नाही ते मला ओळखता आलं नाही.

वेळ झाली. बाईंनी बटण दाबलं, झाकण सावकाश मागं गेलं, आणि दाट वाफ छताकडे निघाली. भाताच्या पृष्ठभागावर लहान लहान विवरं पडली होती, नीट शिजलेल्या भातावर पडतात तशी. डाळ बोटानं मोडत होती. बाईंनी ज्योतीच्या ताटात वाढलं. चमच्यातून थोडा भात ताटाबाहेर पडला, ज्योतीनं तो उचलून ताटात घेतला. वर वरण, तूप, मीठ. ती खाली मान घालून जेवू लागली. सगळं संपवून तिनं ताट पुढं केलं.

"अजून थोडा वाढ," ती म्हणाली.

ताराबाईंनी दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि आजूबाजूच्या चार घरांत जाईल अशा आवाजात निकाल दिला. "शिट्टी न्हाई, लाईट न्हाई, तरी शिजला बगा."

दुसऱ्यांदा जेवता जेवता ज्योतीला काहीतरी सुचलं. तिनं भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं. "आई, आज वीज जाणार हे तुला माहीत होतं?"

"शनिवार आहे ना."

"मग मला रविवारी का नाही बोलावलंस?"

"रविवारी पास होऊन काय उपयोग," बाई म्हणाल्या. "तू पुण्याला गेल्यावर शनिवार येणारच की."

ज्योती हसली, मग तिला रडू आलं, मग ती पुन्हा हसली. निघताना तिनं पर्समधला रेग्युलेटर काढून ताराबाईंच्या हातात दिला आणि शेगडीही त्यांनीच न्यावी असं सांगितलं. पुण्याच्या खोलीचा विषय तिनं काढला नाही. त्या दिवशी नाही आणि पुढंही नाही.

यानंतर साळवेबाई त्या घरात साडेचार वर्षं राहिल्या. रोज पावणेदहाला पुण्यात ज्योतीचा फोन वाजे. कुंपणावरून इकडची गरम भाताची वाटी तिकडे जाई, तिकडची मऊ भाकरी दुधात कुस्करायला इकडे येई. गावात त्या कुकरची कीर्ती झाली आणि माणसं तो घ्यावा का हे विचारायला बाईंकडे येऊ लागली. बाई आलेल्याला म्हणत, हात पुढं करा बघू. हात स्थिर असले की म्हणत, "तुम्हाला नको. साधा घ्या, नाहीतर आहे तो वापरा." संतोष कपाळाला हात लावी. दुकानातल्या सगळ्यात महाग मालाची याहून चांगली जाहिरात कुणी केली नसेल, आणि त्याचा खपही याहून पक्का कुणी थांबवला नसेल. साडेचार वर्षांत फक्त तीन कुकर गेले. तिन्ही घरं मला माहीत आहेत. तिन्ही घरांत आज कुणीतरी आपलं आपण जेवतं आहे.

एका पहाटे झोपेतच बाई गेल्या. आपल्या घरात, आपल्या पलंगावर. पावणेदहाला फोन आला नाही म्हणून ज्योतीनं ताराबाईंना फोन केला, पण ताराबाई त्या आधीच कुंपण ओलांडून गेल्या होत्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या चार दिवस आधी. वाचनालयात आलेली एक नवी कादंबरी घेऊन मी सकाळी त्यांच्याकडे गेलो होतो. निवांत बसावं, तास दोन तास बोलावं, असा बेत होता. दार वाजवलं. बऱ्याच वेळानं ते उघडलं. बाई दारात उभ्या होत्या, चष्म्यावर वाफ आलेली, पदर खोचलेला, गालाला पीठ की काय लागलेलं. आतून कुकरमधल्या जिरेभाताचा वास येत होता. चर्चमधल्या चार जणी जेवायला यायच्या होत्या.

त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, काखेत दाबलं.

"आज नाही हं, ग्रंथपाल," त्या म्हणाल्या. "आज मला अजिबात वेळ नाही. माझ्याकडे पाहुणे आहेत. पुढच्या आठवड्यात या."

आणि त्यांनी माझ्या तोंडावर दार लावून घेतलं. मी पायरीवर उभा राहिलो. आतून कडी लावायचा आवाज येऊ लागला. कडी कोयंड्यावर दोनदा आपटली, निसटली, तिसऱ्यांदा घासत गेली. मी हात पुढं केला नाही, हाकही मारली नाही. चौथ्या खेपेला ती बसली, आणि बाईंची पावलं, सावकाश पण सरळ, आत स्वयंपाकघराकडे गेली.